थीम पार्कचा एक दिवस सोडून उरलेल्या चार दिवसांत पुणे कसे दाखवावे?

सोनचाफा

दिवाळीच्या सुट्टीत माझी मोठी बहीण नागपूरहून पाच दिवसांसाठी आमच्याकडे येत आहे. सोबत चौदा वर्षांची भाची, नऊ वर्षांचा भाचा आणि ताईच्या सासूबाई असतील. सासूबाईंचे वय ७४ आहे. त्या सपाटीवर सावकाश चालू शकतात, पण गुडघ्यांमुळे चढउतार त्यांना झेपत नाही. मुलांनी खोपोलीजवळच्या थीम पार्कचा बेत आधीच पक्का केला आहे आणि त्याला माझी काहीही हरकत नाही. मुलांना तिथे मनापासून आनंद होतो आणि तो दिवस त्यांचा आहे. प्रश्न उरलेल्या चार दिवसांचा आहे.

मागच्या वर्षी दिरांचे कुटुंब आले होते तेव्हा मी एक चूक केली, ती पुन्हा करायची नाही. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळात आम्ही शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ, केळकर संग्रहालय, सारसबाग, पर्वती आणि आगाखान राजवाडा अशी सात ठिकाणे केली. रात्री जेवताना मी पुतण्याला विचारले की तुला सर्वांत जास्त काय आवडले, तर त्याला ठिकाणांची नावेही नीट सांगता आली नाहीत. त्याला आठवत होती ती फक्त रहदारी. मी या शहरात जन्मले आणि वाढले, तरी त्या दिवशी मी पाहुण्यांना पुण्याचे काहीच दाखवले नाही, ही बोच मनात राहिली आहे.

म्हणून मला ठिकाणांची यादी नको आहे, ती मलाही करता येते. एखाद्या ठिकाणी गेल्यावर नेमके कुठे थांबावे, काय निरखावे आणि चौदा वर्षांच्या मुलीला त्यातले काय सांगण्यासारखे आहे, हे जाणकारांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले तर फार उपकार होतील.

कसबेकर

एका दिवसाला एकच पेठ, हा नियम आपण सुरुवातीलाच करून टाका. पुण्याच्या पेठा एकमेकींना इतक्या लागून आहेत की आणखी एक ठिकाण उरकून घेण्याचा मोह होतो, आणि तो मोहच सगळा दिवस खाऊन टाकतो.

एक दिवस कसबा पेठेला द्या, कारण पुणे म्हणून जे गाव होते ते हेच. सकाळी साडेसातच्या सुमारास कसबा गणपतीपासून सुरुवात करावी. हे पुण्याचे ग्रामदैवत आहे आणि या देवळाचा संबंध थेट जिजाबाईंशी आहे. गणेशोत्सवात मानाचा पहिला गणपती म्हणून जे नाव टीव्हीवर ऐकू येते, तो गणपती एरवीच्या दिवशी इतक्या लहान आणि शांत गाभाऱ्यात बसलेला असतो, हे पाहून बाहेरगावच्या माणसाला नेहमी आश्चर्य वाटते.

तिथून पायीच तांबट आळीत जावे. आळी डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते. तांबट समाज पेशव्यांच्या काळात शस्त्रास्त्रांशी संबंधित कामेही करीत असे. पेशवाई संपल्यावर तो भांड्यांकडे वळला. हंडे, घागरी, बंब, पातेली, अभिषेकपात्रे इथेच घडत. आज घराघरांत तांब्याचे बंब राहिले नसले तरी काही कारागीर दिवे, जग आणि थाळ्या घडवतात. मुलांना दाखवायची गोष्ट म्हणजे माठारकाम. घडवलेल्या भांड्याच्या अंगावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके देत जातात आणि त्यातून चकाकणाऱ्या लहान लहान पैलूंची ओळ उमटते. अनेकांना ती नक्षी वाटते, परंतु तिचे मूळ कारण वेगळे आहे. तांब्याचा पत्रा मऊ असतो, आणि ठोके खाऊन तो कठीण होत जातो. सौंदर्य आणि मजबुती एकाच ठोक्यातून येतात. हे एकदा समजले की मुले घरातल्या तांब्याच्या भांड्याकडेही थांबून पाहू लागतात.

एक विनंती आहे. कारागीर काम करीत असताना आधी परवानगी विचारावी, त्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत, आणि जमल्यास एखादी लहानशी वस्तू तिथेच विकत घ्यावी. दिवाळीच्या मुख्य दिवसांत काम बंद असण्याची शक्यता असते, म्हणून हा बेत दिवाळीचे मुख्य दिवस उलटल्यावर ठेवावा. कुंभारवाडाही कसब्यातच आहे. सासूबाईंना एवढे चालणे जड वाटले तर त्यांना गणपतीच्या देवळातच थोडा वेळ बसू द्यावे, तोवर मुलांना आळीतून फिरवून आणता येईल.

पायवाट

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण शनिवारवाडा टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. तिकीट काढून आत गेल्यावर हिरवळ आणि दगडी चौथरे यांखेरीज काहीही नाही. मुले निराश होतात आणि इतिहासाबद्दलची उत्सुकताच मावळते.

जलवाट

पायवाट यांची निराशा मी समजू शकते, कारण शनिवारवाड्यात काय उरले नाही एवढेच आपल्याला सांगितले जाते आणि काय उरले आहे ते कोणी दाखवत नाही. थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. लाकूड गेले, दगड राहिले. त्या उरलेल्या दगडांत एक कारंजे आहे, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे, ज्याला हजारी कारंजे म्हणतात. मुलांना सरळ त्याच्यासमोर नेऊन उभे करावे आणि एकच प्रश्न विचारावा: अठराव्या शतकात, विजेवर चालणारे पंप नसताना, या कारंज्याचे पाणी उडत कसे होते?

माझ्या मते आपल्या चार दिवसांपैकी एक दिवस या एकाच प्रश्नाच्या मागे जावा. मी स्वतः माझ्या मुलीसोबत तो असा घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात कात्रजच्या तलावापासून करावी. आज तो प्राणिसंग्रहालयाच्या परिसरात आहे, त्यामुळे मुलांना तिथे नेण्यासाठी वेगळे आमिष दाखवावे लागत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, इथले पाणी बांध घालून अडवले गेले आणि जमिनीखालून बांधीव नळाने शहरात आणले गेले. इथे नळ हा शब्द ऐकून मुलांच्या डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. प्रत्यक्षात तो दगड-चुन्यात बांधलेला बोगदा आहे, ज्यात माणसाला उतरता येते. कात्रज उंचावर आणि पेठा खाली, एवढ्या एका उताराच्या जोरावर पाणी मैलोगणती वाहत येई. वाटेत गाळ खाली बसण्याची सोय होती, आणि ठरावीक अंतरावर जमिनीच्या वर डोकावणारे दगडी मनोरे होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि नळाची पाहणी व सफाई करता यावी, हा त्यांचा उपयोग. त्यांतले काही आजही वस्तीत, रस्त्याच्या कडेला उभे आहेत आणि रोज शेकडो माणसे त्यांच्याजवळून जातात. ज्याने हे नाव ठेवले त्याला वाहत्या पाण्यात श्वास ऐकू आला असला पाहिजे.

हे पाणी वाड्यात गेले तसेच पेठांमधल्या सार्वजनिक हौदांमध्येही पडत असे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सहज घेतो. पाणी गेले तरी चौकांची नावे राहिली. भाचीला शहराच्या नकाशावर ही नावे शोधून त्यांवर खुणा करायला सांगा; जुने पुणे पाण्याभोवती कसे वसले ते तिचे तिलाच दिसेल.

मात्र ही कथा इथे थांबवली तर ती अर्धीच राहते, कारण हौद सार्वजनिक असले तरी ते सर्वांचे नव्हते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात गुरुवार पेठेत पंचहौदापाशी जावे. तिथल्या मिशनचे चर्च आणि त्याचा उंच घंटामनोरा लांबूनही ओळखू येतो. १८९० मध्ये या मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर अनेक प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला, आणि त्यावरून पुण्यात इतके मोठे वादळ उठले की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ चालला. एका कपातल्या चहाने धर्म बुडतो की नाही, यावर या शहरातील सर्वांत बुद्धिमान माणसे वाद घालीत होती, ही गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटत नाही. त्यांना ती त्या जागी उभे राहूनच सांगायला हवी.

तिथून जवळच गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव आणि सावित्रीबाईंचे घर आहे. घर साधे आणि बैठे आहे, अंगणात तुळशीवृंदावन आहे, आणि तिथेच जोतीरावांची समाधी आहे. आवारात पाण्याचा हौद आहे. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. चहाच्या वादळाच्या बावीस वर्षे आधी. मी माझ्या मुलीला या दोन तारखा फक्त ओळीने सांगितल्या आणि गप्प राहिले. ती हौदाच्या कडेला बराच वेळ उभी होती.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की आपण कात्रज, शनिवारवाड्यातले कारंजे, पंचहौद आणि फुले वाडा ही चार ठिकाणे एकाच दिवशी, याच क्रमाने पाहावीत. कसबेकर यांचा एका दिवसाला एक पेठ हा नियम यात मोडतो, याची मला जाणीव आहे, परंतु इथे धागा पाण्याचा आहे आणि तो तुटत नाही. सासूबाईंसाठीही हा दिवस सोयीचा आहे, कारण यांतील कोणत्याही ठिकाणी पायऱ्यांचा मोठा चढ नाही आणि मधली अंतरे गाडीने जाता येतात.

जाता जाता नदीचाही उल्लेख करते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले. नारायण आणि शनिवार पेठेच्या नदीकडील भागात जुने वाडे इतके कमी का दिसतात, याचे एक मोठे कारण तो दिवस आहे. आपल्या ओळखीत ज्येष्ठ पुणेकर कोणी असतील तर मुलांना त्यांच्याकडे अर्धा तास बसवावे. पूर पाहिलेली माणसे आता थोडी राहिली आहेत.

पायवाट

जलवाट यांचा प्रतिसाद वाचून मी माझे मत मागे घेतो. मी शनिवारवाड्यात निदान दहा वेळा गेलो असेन, पण कारंज्यात पाणी कुठून येत होते हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

पूर्वभाग

या धाग्यावर आतापर्यंत झालेली सगळी चर्चा पेठांचीच आहे, याची थोडी खंत वाटते. पुणे दाखवायचे म्हटले की आपण लष्कर, म्हणजे कॅम्प, भागाकडे फक्त बिस्किटे आणायला जातो. माझे बालपण तिथे गेले, म्हणून ही बाजू मांडतो.

ससून रुग्णालयाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या दानामुळे ते नाव पडले ते डेव्हिड ससून हे बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्याचे. त्यांनी बांधायला घेतलेले ओहेल डेव्हिड हे प्रार्थनास्थळ त्यांच्या निधनानंतर १८६७ मध्ये पूर्ण झाले. लाल विटांच्या बांधकामामुळे आपल्याकडे त्याला लाल देऊळ म्हणतात. ज्यूंच्या प्रार्थनागृहाला पुणेकरांनी देऊळ म्हणावे, यात मला या शहराचा एक चांगला गुण दिसतो. शेजारीच ससून यांची कबर आहे. आत जाण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली नाही तरी रस्त्यावरून मनोरा आणि त्यावरचे घड्याळ पाहण्यासारखे आहे. नाना पेठेतल्या सिटी चर्चची जागा पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या गोव्याच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी दिलेली आहे, हेही मुलांना सांगावे.

वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे. महादजी १७९४ मध्ये इथेच वारले. दिल्लीच्या बादशाहीवर ज्याचा वचक होता, त्या माणसाचे हे स्मारक रहदारीपासून जरा आत आहे आणि अनेक पुणेकरांनी ते पाहिलेलेच नाही.

आगाखान राजवाडा मात्र आपण पुन्हा दाखवा, आणि या वेळी संपूर्ण सकाळ द्या. मागच्या वेळी तो सातव्या क्रमांकावर होता, त्यामुळे तो लक्षात राहिला नाही यात नवल नाही. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात गांधीजी तिथे स्थानबद्ध होते. तिथे आल्यावर आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. इमारतीतली छायाचित्रे पाहून झाली की मागच्या बाजूच्या समाध्यांपाशी जावे. तिथे झाडांची सावली आहे, बसायला जागा आहे, आणि मोठ्याने कोणी बोलत नाही. १५ ऑगस्ट ही तारीख मुलांना पाच वर्षांनंतरच्या घटनेसाठी पाठ असते. तीच तारीख त्या दगडावर वाचताना ती निराळी वाटते.

काळापाषाण

मुले नऊ आणि चौदा वर्षांची आहेत म्हणून विज्ञानाच्या बाजूने थोडे सुचवतो. इतिहासाच्या तारखा थोड्या बाजूला ठेवून त्यांना एकदा पुण्याचा दगड दाखवा.

भल्या सकाळी वेताळ टेकडीवर जावे. हा भाग सासूबाईंसाठी नाही, त्यांना त्या दिवशी घरी विश्रांती घेऊ द्यावी. पावसाळा संपून गेल्यावर गवत सोनेरी होते, जुन्या खाणीत पाणी असते आणि मोरांचे ओरडणे ऐकू येते. टेकडीवर गिरिपुष्पाची लागवड फार झाली आहे, परंतु मधूनमधून सालई आणि गणेर ही मूळची झाडेही भेटतात. खाणीच्या कापलेल्या कड्यात खडकाचे थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेला आणि थंड होऊन त्याचा बेसाल्ट झाला. आपले सह्याद्रीचे कडे, सिंहगड, पर्वती ही सगळी त्याचीच रूपे आहेत.

टेकडीवरून उतरल्यावर त्याच दिवशी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जावे, कारण तिथे तोच खडक माणसाच्या हातात आलेला दिसतो. आठव्या शतकातले हे लेणे रस्त्याच्या पातळीखाली, अखंड खडकात कोरलेले आहे. समोरचा गोल नंदीमंडप तर छतासकट एकाच दगडातून मोकळा केलेला आहे. बांधताना आपण दगडावर दगड ठेवतो, इथे नको असलेला दगड काढून टाकला आहे, आणि एक घाव चुकला तर तो परत भरता येत नाही. लेणे काही भागांत अपुरे राहिले आहे. त्या अपुऱ्या जागा मुलांनी आवर्जून पाहाव्यात, कारण छिन्नी कशी चालली ते तिथेच कळते.

विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही विसरू नये. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते आणि इमारतींची रचना चार्ल्स कोरिया यांची आहे. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे तिथे एकाच अंगणात आहेत. मुलांसाठी असलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली आणि तिचे नाव पुलस्त्य आहे, जे सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याचेही नाव आहे. प्रवेशाची चौकशी मात्र आधी करावी, कारण ते पर्यटनस्थळ नाही आणि सुट्टीत बंद असू शकते.

भाचीला उत्खननाची आवड असेल तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्व संग्रहालयही सुचवीन. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली, तिचे उत्खनन याच संस्थेने केले. तिथे लहान मुले दगावली की त्यांना दोन मातीच्या कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून घराच्याच जमिनीखाली पुरत असत. इतिहास राजांपासून सुरू होत नाही, ही गोष्ट मला पहिल्यांदा त्या संग्रहालयात उमगली.

अडकित्ता

सासूबाईंसाठी केळकर संग्रहालय ठेवा आणि त्यांनाच मार्गदर्शक होऊ द्या. काकासाहेब केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या, आणि त्यांतील बहुतेक वस्तू राजवाड्यातल्या नसून घरातल्या आहेत: दिवे, अडकित्ते, वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, दाराच्या चौकटी, वाद्ये. काचेआडची वज्री कशासाठी असते, हे चौदा वर्षांच्या मुलीला माहीत नसते. आजीला ते माहीत असते, कारण तिने ती पायाची टाच घासायला वापरलेली असते. माझ्या सासूबाईंनी तिथे तीन तास घालवले आणि त्यांच्या माहेरच्या घराबद्दल जे मी वीस वर्षांत ऐकले नव्हते ते त्या दिवशी ऐकले. वरच्या मजल्यांवर जायचे असल्यास जिन्याबद्दल आधी विचारून घ्यावे.

कसबेकर

काही व्यावहारिक गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहितो. पेठांमध्ये गाडी नेऊ नये. आता भुयारी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके झाली आहेत आणि तिथे उद्वाहकाची (लिफ्टची) सोय असल्यामुळे ज्येष्ठांना त्रास होत नाही. मंडई स्थानकातून बाहेर आल्यावर महात्मा फुले मंडईची जुनी अष्टकोनी इमारत अवश्य पाहावी. ती १८८६ ची आहे. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे मत मांडले होते. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. जुनी दुकाने दुपारी एक ते चार बंद असतात, हे धरून सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग करावेत. मधल्या वेळी एखाद्या अमृततुल्यात बसावे. पितळी पातेल्यात सतत उकळणारा, वेलदोडा घातलेला तो चहा पाहुण्यांना आवडतोच.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपतीही सुचवायचा राहिला. तीन सोंडा, सहा हात आणि उंदराऐवजी मोर. अठराव्या शतकात गोसाव्यांनी बांधलेल्या या दगडी देवळाच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला गेंडा आणि इंग्रज शिपाई कोरलेले आहेत. मुलांना ते आपण दाखवू नये, त्यांना शोधू द्यावे.

सोनचाफा

पाहुणे परवा परत गेले. आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

थीम पार्कचा दिवस छान गेला. उरलेल्या चार दिवसांत आम्ही कसबा, पाण्याचा दिवस, आगाखान राजवाडा आणि केळकर संग्रहालय मुख्यतः एवढेच केले. वेताळ टेकडीला मुले माझ्या यजमानांबरोबर एका सकाळी जाऊन आली. लाल देवळात प्रवेशाची परवानगी वेळेत मागायला मी विसरले, त्यामुळे ते बाहेरूनच पाहिले. आयुका आणि डेक्कन कॉलेज पुढच्या खेपेसाठी ठेवले.

तांबट आळीत एका ज्येष्ठ कारागिरांनी भाच्याला हातोडी धरू दिली. त्याने दिलेल्या पाच ठोक्यांपैकी एकही ओळीत पडला नाही. त्या गृहस्थांनी ती थाळी बाजूला ठेवली, त्याला एक तयार लहान वाटी दिली आणि बोटाने पैलू मोजायला सांगितले. तो दोनशेपर्यंत पोहोचला आणि मग त्याने विचारले की हे सगळे हाताने केले आहे का. ती लहान वाटी आम्ही विकत घेतली. तो आता त्यातूनच पाणी पितो, असे ताईने फोनवर सांगितले.

पाण्याचा दिवस जलवाट यांनी सांगितलेल्या क्रमानेच केला. कात्रजहून परतताना उच्छ्वास शोधण्याचे काम मुलांवर सोपवले होते. पहिला उच्छ्वास भाच्याला दिसला, आणि मी त्या रस्त्यावरून कित्येक वर्षे जात असूनही त्याला पाण्याची जुनी टाकी समजत होते. फुले वाड्यात सासूबाई तुळशीवृंदावनापाशी बसल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात दोन विहिरी होत्या आणि दुसऱ्या विहिरीकडे जायची त्यांना मनाई होती, हे त्यांनी तिथे बसून नातीला सांगितले. ताईच्या लग्नाला सतरा वर्षे झाली. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकले. भाचीने त्यावर बरेच प्रश्न विचारले आणि सासूबाईंनी एकही टाळला नाही.

केळकर संग्रहालयात अडकित्ता यांनी लिहिले होते तसेच झाले, फक्त आमच्याकडे वज्रीऐवजी दिव्यांच्या दालनात जास्त वेळ गेला.

त्रिशुंड गणपतीच्या भिंतीवरचा गेंडा मुलांनी चार मिनिटांत शोधला. तिथे कळले की देवळाखाली तळघर आहे, त्यात गोसाव्यांची समाधी आहे आणि ते गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. भाचीने तेव्हाच जाहीर केले की ती त्या दिवशी पुण्यात असणार. नागपूरहून रात्रीच्या गाडीने ती आणि ताई सकाळी पोहोचतील. त्या दिवशी तिथे गर्दी किती असते, आणि तळघरात उतरण्यासाठी किती वाजता जाऊन रांगेत उभे राहावे, हे सोमवार पेठेतील कोणी सांगू शकेल का?